वाचकांचे प्रश्न : फोनवरचा आवाज नेमका कुठे बिघडतो?

इंटरनेटवरून होणाऱ्या फोनबद्दल या खेपेला बरीच पत्रं आली. त्यातली बहुतेक एकच गोष्ट गृहीत धरून लिहिलेली आहेत, की कोडेक बदलला की आवाज सुधारणार. बोलण्याचे आकडे करून पाठवायचे आणि पलीकडे त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा, हे कोडेकचं काम. त्याची निवड महत्त्वाची आहेच. पण कोडेक लाइनचा दोष फार तर झाकतो, काढू शकत नाही. म्हणून खालच्या उत्तरांत आधी लाइन तपासली आहे आणि कोडेकचा विचार त्यानंतर केला आहे.

आमच्या गेस्ट हाउसात आयपी फोन आहेत आणि लाइनचं अपलोड 1 मेगाबिट आहे. फोन बसवणाऱ्याने जी.729 हा कोडेक लावला आणि सांगितलं, ‘एका कॉलला फक्त 8 किलोबिट लागतात, शंभर कॉल चालतील.’ प्रत्यक्षात चार-पाच कॉल झाले की आवाज तुटायला लागतो. असं का?
— एक वाचक, काणकोण

8 किलोबिट हा नुसत्या आवाजाचा आकडा आहे. आवाज पॅकेटमधून, म्हणजे छोट्या छोट्या तुकड्यांतून जातो आणि प्रत्येक पॅकेटवर पत्ते व क्रमांक चढतात. आरटीपीचे 12 बाइट, यूडीपीचे 8 आणि आयपीचे 20, असे 40 बाइट झाले. जी.729 मध्ये 20 मिलिसेकंदांच्या बोलण्याचे फक्त 20 बाइट होतात. म्हणजे आतल्या नारळापेक्षा वरचं सोडण दुप्पट जड. सेकंदाला अशी 50 पॅकेटं निघतात, म्हणून कॉल 24 किलोबिटांवर जातो. इथरनेटचे 18 बाइट धरले तर 31.2 किलोबिट, आणि तेही फक्त एका दिशेने.

जी.711 हा 64 किलोबिटांचा कोडेक. त्यात त्याच 20 मिलिसेकंदांचे 160 बाइट होतात. वरचा बोजा तेवढाच, त्यामुळे इथरनेटसकट आकडा 87.2 किलोबिट येतो. कागदावर 64 आणि 8 यांत आठपट फरक दिसतो, तारेवर तो तिपटीहूनही कमी उरतो. लाइनवर आयपीची सहावी आवृत्ती चालत असेल तर प्रत्येक पॅकेटला आणखी 20 बाइट धरा. कॉल एन्क्रिप्ट होत असतील तर साधारण 10 बाइट आणखी.

आता तुमच्या लाइनचा हिशेब करू. 1 मेगाबिटातला तीस टक्के भाग इतर कामांसाठी मोकळा ठेवला तर आवाजाला 700 किलोबिट उरतात. त्यात जी.711 चे 8 कॉल बसतात, जी.729 चे 22. शंभर कोणत्याच हिशेबाने बसत नाहीत, पण चार-पाच तर अगदी आरामात बसायला हवेत. तेव्हा तुमचं दुखणं कोडेकमध्ये नाही.

ते बहुधा अपलोडच्या रांगेत आहे. एखादा पाहुणा समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो वर चढवायला लागला की राऊटरच्या बफरमध्ये मोठमोठी पॅकेटं साचतात. 1500 बाइटांचं एक पॅकेट 1 मेगाबिटवर बाहेर पडायला 12 मिलिसेकंद घेतं. अशी चाळीस पुढे उभी असतील तर तुमचं इवलंसं आवाजाचं पॅकेट अर्धा सेकंद खोळंबतं. पलीकडचा फोन तितका वेळ थांबत नाही. उशिरा आलेलं पॅकेट तो टाकूनच देतो.

यावर उपाय असा. राऊटरमध्ये रांग आवरण्याची सोय असेल (काहींत तिला स्मार्ट क्यू किंवा एसक्यूएम म्हणतात), तर ती चालू करा. अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 85 ते 90 टक्क्यांवर ठेवा, म्हणजे रांग कंपनीच्या मोडेमात न साचता तुमच्या राऊटरच्या ताब्यात राहील. फोनच्या पॅकेटांना डीएससीपी 46 (म्हणजे ‘हे आधी सोडा’) ही खूण द्या आणि राऊटरला ती पाळायला सांगा. तुमच्या घराबाहेर ही खूण कुणी पाळेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण तुमच्याकडची कोंडी घरातच आहे, त्यामुळे एवढ्याने भागतं. पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवून त्याच्या अपलोडला लगाम घाला.

इतकं केल्यावर जी.711 वर परत जा. तुमच्याकडे फार तर सहा कॉल एका वेळी चालत असतील. त्यासाठी आवाज पिळून पाठवण्याची गरजच नाही.

एका पॅकेटात 20 ऐवजी 40 मिलिसेकंद भरण्याचा पर्यायही काही जण सुचवतील. जी.729 ला त्याने खरंच फायदा होतो, 31.2 वरून 19.6 किलोबिट. जी.711 ला मात्र 87.2 वरून 75.6, म्हणजे फारसा नाही. शिवाय एक पॅकेट हरवलं की दुप्पट लांबीचा तुकडा जातो आणि 20 मिलिसेकंदांचा उशीर कायमचा वाढतो. तारेच्या लाइनवर हे करू नका. गर्दीच्या वायफायवर करून पाहायला हरकत नाही, कारण तिथे पॅकेटच्या आकारापेक्षा पॅकेटांची संख्या जास्त महाग पडते.

बाबा बोटीवर असतात, मोठा भाऊ कुवेतला. दोघांशी ॲपवरूनच बोलणं होतं. कधी आवाज रोबोसारखा येतो, कधी शब्द भराभर पळतात, कधी दोघे एकदम बोलायला लागतो. पावसाळ्यात जास्तच. आजीला तर काहीच कळत नाही. ॲपमध्ये कोडेक बदलता येतो का?
— एक वाचिका, वाळपई

ॲपमध्ये तो बदलता येत नाही. ॲपच लाइन बघून बिटरेट खालीवर करतं. पण तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत ती वेगवेगळ्या आजारांची आहेत, आणि ती ओळखता आली तर अर्धं काम होतं.

रोबोसारखा किंवा घरघरता आवाज म्हणजे पॅकेटं हरवत आहेत. हरवलेल्या जागी डिकोडर शेवटचा ऐकलेला सूर ताणून भरतो. एखादं पॅकेट गेलं तर कानाला कळतही नाही. सलग तीन-चार गेली की तोच सूर पुन्हा पुन्हा वाजतो आणि मग आवाज विरून जातो. जी.711 सोबतच्या ठरलेल्या पद्धतीत 60 मिलिसेकंदांनंतर तो पूर्ण शांतच होतो, कारण त्यापुढे अंदाजाने भरलेला सूर चुकीचा शब्द ऐकवू शकतो.

शब्द भराभर पळतात तेव्हा पॅकेटं हरवलेली नसतात, ती अडकून एकदम आलेली असतात. याला जिटर म्हणतात. आलेली पॅकेटं थोडी थांबवून सारख्या अंतराने वाजवण्यासाठी फोनमध्ये जिटर बफर असतो. तो फार भरला की ॲप आवाज किंचित वेगाने वाजवून मागचं उरकतं.

आवाज सलग येतो पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, तेव्हा बिटरेट खूप खाली गेलेला असतो. आणि दोघे एकदम बोलायला लागता, ते उशिरामुळे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.114 या शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषणांना त्रास होत नाही, आणि 400 च्या वर तो जाऊ देऊ नये.

भावाशी बोलताना समुद्राखालच्या केबलमुळे फारसा उशीर होत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश 1000 किलोमीटर जायला सुमारे 5 मिलिसेकंद घेतो, म्हणजे वळणावळणाने 5000 किलोमीटर गेला तरी 25 झाले. ॲपमध्ये ऑपस कोडेक असेल तर त्याच्या नेहमीच्या मांडणीत 26.5 मिलिसेकंद जातात आणि जिटर बफरमध्ये आणखी 40 ते 100. कुवेतच्या कॉलला अडखळा येतो तो जवळपास नेहमी दोन्हीकडच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे घरातलं वायफाय किंवा मोबाइलची रेंज.

बाबांची गोष्ट वेगळी आहे. बोटीवरचं इंटरनेट भूस्थिर उपग्रहावरून असेल तर तो उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर असतो. लहर वर जाऊन खाली यायलाच सुमारे 240 मिलिसेकंद लागतात. कोडेक आणि बफर मिळून एका दिशेला 300 च्या पुढे जातं. जगातला कोणताही कोडेक हा वेळ कमी करू शकत नाही. तिथे बोलण्याची रीतच बदलावी लागते. एकाने वाक्य पुरं करायचं, मग थांबायचं. आजीला हे एकदा सांगून ठेवा, म्हणजे ‘ऐकू येत नाही’ समजून ती मध्येच हाक मारणार नाही. कमी उंचीच्या उपग्रहांची सेवा असलेल्या बोटीवर हा उशीर बराच कमी असतो.

पावसाबद्दल. मोबाइल आणि 5 गिगाहर्ट्झचा वायफाय ज्या लहरींवर चालतो त्यांना पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत. अडवतात ती ओली झाडं. सत्तरीत टॉवर आणि घर यांच्यामध्ये माड-पोफळी-जंगल असेल तर जूननंतर पानं भिजून सिग्नल खाली येतो. छपरावर अँटेना बसवलेला असेल तर त्याच्या जोडात पाणी शिरणं हेही नेहमीचं कारण. पावसाळ्याआधी जोड उघडून, पुसून, पाणीरोधक टेपने नीट गुंडाळून घ्या.

मग पुढचं करून पाहा. आधी संगणकावरून घरच्या राऊटरला दोनशे वेळा पिंग करा, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. वेळ 2-5 मिलिसेकंद असून मधूनच 100 च्या वर उडत असेल तर दोष घरच्या वायफायमध्ये आहे, बाहेर शोधू नका. चिऱ्याच्या जाड भिंतींमागे 5 गिगाहर्ट्झ लवकर मरतो, म्हणून आजी बसते त्या खोलीपर्यंत तार ओढून तिथे वेगळा वायफाय लावणं सगळ्यांत भरवशाचं. राऊटरपर्यंत सगळं ठीक असेल तर बाहेरच्या एखाद्या पत्त्याला तसंच पिंग करा, आधी घरात काहीच चालू नसताना आणि मग कुणी व्हिडिओ बघत असताना. दुसऱ्या वेळी आकडे फुगले तर पहिल्या उत्तरातला रांगेचा उपाय तुम्हालाही लागू आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ खाली कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचा पर्याय आहे. कमजोर रेंजवर तो दोन्हीकडे चालू करून पाहा. आणि चवथीच्या दिवशी आरती दाखवून झाली की व्हिडिओ बंद करून नुसतं बोला. बोलण्याला लागणारी जागा व्हिडिओच्या तुलनेत अगदी थोडी आहे.

आमचं भजनी मंडळ काही महिने ऑनलाइन तालीम करतं. गाणं ठीक येतं, पण हार्मोनियम आणि तानपुरा मध्येच गायब होतात, पखवाजाचा घुमारा लागत नाही. चांगला माइक घेऊ का?
— एक वाचक, डिचोली

माइक आत्ताच घेऊ नका. तुमचा सूर माइकनंतर मरतो आहे.

जुने बोलण्याचे कोडेक, जी.729 त्यातलाच, माणसाच्या घशाचं गणित मांडून बनवले आहेत. स्वरयंत्राचा एक कंप आणि तोंडाच्या पोकळीने त्याला दिलेला आकार, एवढंच ते पाठवतात. एका वेळी एक माणूस बोलतो, हे त्यात गृहीत असतं. हार्मोनियमवर तीन पट्ट्या एकदम दाबल्या की ते गणित कोसळतं. ऑपस हा 2012 साली प्रमाणित झालेला कोडेक या बाबतीत उजवा आहे. त्याच्या पोटात दोन पद्धती आहेत, एक बोलण्यासाठी आणि एक संगीतासाठी, आणि गरजेप्रमाणे तो त्यांची अदलाबदल करतो. त्याचा बिटरेट 6 पासून 510 किलोबिटांपर्यंत नेता येतो.

पण तुमच्याकडे गायब होण्याचं मोठं कारण कोडेकच्याही आधी आहे. ॲपमधला गोंगाट दाबणारा भाग सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी असं समजतो. तानपुरा नेमका तसाच वाजतो! तो पुसला जातो यात नवल नाही. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे. ती चालू करा, संगीतासाठीचा उच्च दर्जा निवडा आणि प्रतिध्वनी घालवणारा भाग बंद करा. हा भाग बंद केल्यावर हेडफोन सक्तीचा, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजेल. लॅपटॉप राऊटरला तारेने जोडा.

एवढं करूनही एकत्र ठेका धरता येणार नाही, हे आधीच मान्य करा. साथीदारांमधला एका दिशेचा उशीर साधारण 25-30 मिलिसेकंदांच्या पुढे गेला की प्रत्येक जण दुसऱ्यासाठी किंचित थांबतो आणि लय खाली खाली येते. नेहमीच्या ॲपमध्ये उशीर याच्या कितीतरी पट असतो. बुवांनी ओळ म्हणायची, बाकीच्यांनी आपला माइक बंद ठेवून मागून म्हणायची, मग एकेकाने ऐकवायचं. पखवाजाची जोड प्रत्यक्ष देवळात बसूनच.

पॅथॉलॉजी लॅबच्या दोन शाखा आहेत. सिप ट्रंकवर (इंटरनेटवरून येणाऱ्या कंपनीच्या फोनलाइनवर) जी.729 लावल्यापासून ‘रिपोर्टसाठी 2 दाबा’ म्हटल्यावर पेशंट 2 दाबतात, पण यंत्रणा ऐकतच नाही. फॅक्सही अर्ध्यावर बंद पडतो.
— एक वाचक, मडगाव

फोनचं बटण दाबल्यावर दोन शुद्ध सूर एकदम वाजतात. वर म्हटल्याप्रमाणे जी.729 ला दोन सूर नीट पाठवता येत नाहीत, त्यामुळे पलीकडे पोचतं ते बटण ओळखण्याच्या लायकीचं राहत नाही. म्हणून बटणं आवाजातून न पाठवता वेगळ्या पॅकेटातून पाठवायची. ही पद्धत आरएफसी 4733 या इंटरनेटच्या नियमपत्रात आहे; जुन्या यंत्रांवर तिचंच नाव 2833 दिसेल. तुमचं एक्सचेंज, प्रत्येक फोन आणि ट्रंक देणारी कंपनी, तिघांकडे हीच पद्धत निवडलेली हवी. पेलोडचा क्रमांक बहुतेक ठिकाणी 101 असतो. दोन्हीकडे वेगळा असेल तर आधी तो जुळवा. एका ठिकाणी ‘इनबँड’ (बटणं आवाजातूनच) राहिलं की हीच तक्रार परत येते.

फॅक्स जी.729 वरून कधीच जाणार नाही. ट्रंकवाल्याकडे टी.38 ही इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याची पद्धत असेल तर ती वापरा. नसेल तर फॅक्सच्या एक्स्टेन्शनला फक्त जी.711 ठेवा (आपल्याकडे ए-लॉ, अमेरिकेत म्यू-लॉ), त्या एक्स्टेन्शनवर शांतता गाळणारा आणि प्रतिध्वनी घालवणारा भाग बंद करा आणि फॅक्सचा वेग 9600 वर आणा. खरं तर रिपोर्ट ईमेलने पाठवणं जास्त खात्रीचं आहे.

दोन शाखांमध्ये एक आणि ट्रंकवर दुसरा कोडेक ठेवू नका. प्रत्येक कॉल मध्येच उलगडून पुन्हा पिळला जातो, दर्जा दोनदा घसरतो आणि एक्सचेंजच्या प्रोसेसरवर विनाकारण ताण येतो. पेशंट मोबाइलवरून बोलत असेल तर त्याच्याकडे आधीच एकदा पिळणं झालेलं असतं, हे लक्षात घ्या. ट्रंक जी.711 ला परवानगी देते ना? मग शेवटपर्यंत जी.711.

नवीन फोनवर ऑपस लावला. कॉल लागतो, आमचा आवाज पलीकडे जातो, त्यांचा येत नाही. ऑपस खराब आहे का?
— एक वाचक, म्हापसा

नाही. कोडेक जुळला नसता तर कॉल लागलाच नसता. ‘488’ असा नकार येऊन लगेच तुटला असता. एकाच बाजूचा आवाज म्हणजे राऊटरमधली पत्त्यांची अदलाबदल चुकते आहे. राऊटरमधलं ‘सिप एएलजी’ (कॉलमधले पत्ते मध्येच बदलणारा भाग) बंद करा, फोनमध्ये स्टन (फोनला स्वतःचा बाहेरचा पत्ता शोधून देणारी सोय) चालू करा, आणि एक्सचेंज तुमच्याच जागेत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये बाहेरचा आयपी पत्ता आणि आरटीपीचे पोर्ट बरोबर भरलेत का ते बघा.

इंजिनिअरिंगच्या प्रकल्पासाठी जी.711, जी.729 आणि ऑपस यांची तुलना करायची आहे. मित्रांना ऐकवून गुण घेतले, पण सगळे म्हणतात ‘सारखंच वाटतं.’ योग्य पद्धत कोणती?
— एक विद्यार्थिनी, फर्मागुडी

चांगल्या लाइनवर शांत खोलीत ऐकवलं तर ‘सारखंच वाटतं’ असंच उत्तर येणार. तुलना बिघडलेल्या लाइनवर करायची असते.

लिनक्सचा एक संगणक मध्ये ठेवा आणि त्यातल्या नेटेम या साधनाने ठरवून बिघाड करा. शून्य, 1, 3, 5 आणि 10 टक्के पॅकेट गळती, प्रत्येक वेळी आधी विखुरलेली आणि मग झुंडीने होणारी. जिटर वेगळा, गळती वेगळी. दोन्ही एकदम केलंत तर कशाचा परिणाम ते सांगता येणार नाही. नेटेमने नुसता जिटर दिला की पॅकेटांचा क्रमही उलटापालटा होतो, हे निकाल वाचताना ध्यानात ठेवा. पलीकडे वायरशार्कमध्ये पॅकेटं पकडा आणि टेलिफोनी मेनूतल्या आरटीपी विश्लेषणातून गळती, जिटर आणि दोन पॅकेटांमधलं सर्वांत मोठं अंतर उतरवून घ्या.

जी.711 आणि जी.729 साठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.107 मधलं ई-मॉडेल हे दर्जा मोजण्याचं गणित वापरा. त्यात सगळं उत्तम असताना 93.2 गुण असतात आणि दोषागणिक वजा होत जातात. 3 टक्के विखुरलेल्या गळतीला, इतर काही न बिघडवता, हिशेब असा येतो. हरवलेला तुकडा भरून काढणाऱ्या जी.711 ला सुमारे 83, शांतता गाळणाऱ्या जी.729 ए ला सुमारे 71, आणि तुकडा न भरणाऱ्या जी.711 ला अवघे 54. पाच गुणांच्या मापात हे अनुक्रमे 4.1, 3.6 आणि 2.8. म्हणजे एकच जी.711 तुकडा भरण्याच्या सोयीवर पहिला किंवा शेवटचा येतो. प्रकल्पात ‘जी.711’ एवढंच लिहून चालणार नाही, कोणत्या फोनमधला तेही लिहावं लागेल.

ऑपसला हे अरुंद पट्ट्याचं माप लावू नका. त्याच्यासाठी पी.863, म्हणजे पोल्का, हे मापन आहे. परवाना मिळत नसेल तर माणसांनाच ऐकवा. ऑपसची ‘इनबँड एफईसी’ चालू आणि बंद अशा दोन्ही फेऱ्या घ्या. तिच्यात पुढच्या पॅकेटाबरोबर मागच्या तुकड्याची हलकी प्रत जाते. पाठवणाऱ्याला अपेक्षित गळतीचा टक्का सांगितला नाही तर ही प्रत निघतच नाही, आणि बिटरेट फार कमी ठेवला तर तिला जागा मिळत नाही. 24 किलोबिटांवर सुरुवात करा. झुंडीने गळती झाली की प्रतही मूळ पॅकेटाच्या मागोमाग हरवते, म्हणून तिथे फायदा कमी दिसेल.

ऐकवण्यासाठी इंग्रजी वाक्यं उचलू नका. जुन्या फोनचा पट्टा 300 ते 3400 हर्ट्झ, आणि ‘स’ची बरीचशी ताकद 4000 हर्ट्झच्या वर असते. मराठीत साल-शाल, साप-शाप अशा जोड्या घ्या. आकडे तर हवेतच, कारण बँकेत, दवाखान्यात, मासळीच्या घाऊक व्यवहारात फोनवर आकडेच सांगितले जातात. ‘साठ’मधला ‘स’ गेला की ‘आठ’ उरतो, आणि ‘सात’-‘साठ’ यांची तर चांगल्या लाइनवरही गल्लत होते. ऐकणाऱ्याला ‘किती छान वाटलं’ असं विचारू नका. त्याला ऐकलेला शब्द लिहायला सांगा. प्रत्येक कोडेकला तेच पन्नास शब्द, क्रम बदलून, स्त्री आणि पुरुष दोन्ही आवाजांत ऐकवा. मागे पंखा किंवा रस्त्याचा आवाज मिसळून एक फेरी वेगळी घ्या, आणि चुका मोजताना कोणता वर्ण कशाच्या जागी ऐकू आला त्याचा तक्ता करा. जी.729 आणि जी.722 (हा रुंद पट्ट्याचा कोडेक) यांच्या तक्त्यांत ‘स’, ‘श’ आणि ‘फ’च्या ओळी शेजारी ठेवून पाहा, ‘सारखंच वाटतं’ म्हणणाऱ्या मित्रांच्या चुका तिथे वेगळ्या दिसतील.